पाटी, पिशवी आणि डब्यावरची अक्षरे वाचावी कशी?



मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे नाव एकदा जुन्या वळणाच्या 'ख' ने लिहून पाहा. 'ख' ची दोन अंगे सुटी काढली की तेच नाव 'रोहिणरवेड' असे वाचले जाते. याच कारणाने लिपी सुधारणेत ही दोन अंगे खाली जोडण्याची पद्धत आली. गावच्या पाटीवर अशी चूक झाली तर बसमधला पाहुणा फार तर हसेल. औषधाच्या डब्यावर मात्र वाचण्यातली चूक अंगाशी येते.

अक्षराआधी रंग दिसतो. रस्त्याच्या कडेचे दगड पाहा : पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्गाचा. धावत्या गाडीतूनही ते ओळखता येतात. हेच तत्त्व कीटकनाशकाच्या वेष्टनावर वापरले आहे. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार वेष्टनावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग व वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द असतो. हा चौकोन वेष्टनाच्या दर्शनी भागाच्या एक-सोळांशापेक्षा लहान असू नये, असे बंधन आहे.

लाल त्रिकोण म्हणजे अतितीव्र विष. त्यावर कवटी व हाडांचे चित्र असते, कारण ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते कळते. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा विषारीपणाचा उतरता क्रम आहे. येथे बरेच जण फसतात. पिवळा रंग पाहून औषध सौम्य आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात पिवळ्या त्रिकोणाच्या वरही 'विष' हाच शब्द तांबड्या अक्षरांत असतो. निळ्यावर 'धोका' व हिरव्यावर 'सावधान' असे लिहिलेले असते. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

रंग मोठा, पण खरी माहिती बारीक, ही या वेष्टनांची मोठी उणीव आहे. प्रमाण, उतारा व काढणीपूर्वीचा कालावधी माहितीपत्रकावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापतात. इतक्या लहान छपाईत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला फरक पुसला जातो. अशा वेळी मोबाईलने फोटो घेऊन तो मोठा करून वाचावा. डबा फोडण्यापूर्वी उजेडात, घरातील शाळकरी मुलाकडून मोठ्याने वाचून घेतले तरी चालेल, मात्र डबा त्याच्या हाती देऊ नये. विषबाधा झाल्यास हेच पत्रक डॉक्टरांकडे न्यावे.

खताच्या पिशवीची गोष्ट वेगळी. पूर्वी चित्रावरून पिशवी ओळखता येत असे. ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खते 'भारत' या एकाच नावाने येतात आणि पिशव्यांची मांडणी सारखीच असते. त्यामुळे 'युरिया', 'डीएपी' हा शब्द आणि खालचे आकडेच पाहावे लागतात. १०:२६:२६ यात पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. म्हणजे ५० किलोच्या पिशवीत ५ किलो नत्र आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी १३ किलो. युरियाची पिशवी मात्र आता ४५ किलोची आहे, हिशेब त्याप्रमाणे करावा.

बियाण्याच्या पिशवीला शिवलेला टॅग रंगानेच बोलतो : पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळा, पायाभूत बियाण्यास पांढरा, प्रमाणित बियाण्यास निळा आणि सत्यप्रत बियाण्यास हिरवा. सोयाबीनची पिशवी फोडताना ती खालून उसवावी, म्हणजे टॅग व शिलाई शाबूत राहते. उगवण न झाल्यास तक्रारीसाठी लॉट क्रमांक, पावती व थोडे बियाणे हाच पुरावा.

शेवटी आपले स्वतःचे अक्षर. फवारणीच्या चिठ्ठीवर '.५ मिली' असे लिहिले की टिंब घामाने पुसते आणि गडी ५ मिली, म्हणजे दहापट औषध टाकतो. म्हणून '०.५ मिली' असे शून्यासह लिहावे, किंवा 'अर्धा मिली' असे अक्षरी लिहून पुढे १० लिटरच्या पंपाला ५ मिली हेही नोंदवावे.