वस्तीच्या वाटा (भाग ४) : कुंडलिकेच्या मुखाशी

गेल्या भागात चौल बंदराचा व्यापार पाहिला. आता या किनाऱ्यावर मूळ धरलेल्या माणसांकडे वळू. कुंडलिका नदी रोह्यावरून खाली येते आणि रेवदंडा व कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. या छोट्याशा खोऱ्यात दोन समाज रुजले, बेने इस्राएल हे ज्यू आणि कोर्लईचे ख्रिस्ती. दोघांनीही बाहेरचे काहीतरी जपले, पण एकाने धर्माचे आचार जपले आणि दुसऱ्याने धर्मासोबत भाषाही. हा फरक मला त्यांच्या वस्तीच्या पद्धतीत दिसतो.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. एका गावात घाणे चालून चालणार किती? त्यामुळे चार घरे इथे, दोन तिथे अशी पांगापांग झाली. अशा एकट्या घराला शेजाऱ्यांची भाषा आपलीशी करावीच लागते. मराठी त्यांच्या चुलीपर्यंत पोचली, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर अशी आडनावे रूढ झाली. टिकले ते एकट्या घराला पाळता येईल एवढेच: सुंता, बिनखवल्याचा मासा वर्ज्य, ‘शेमा’ची प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले ते थेट १७९६ साली, तेही मुंबईत.

कोर्लईची गोष्ट वेगळी. १५९४ साली पोर्तुगीजांनी तिथला डोंगरी किल्ला निजामशाहीकडून जिंकला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. राज्यकर्ते गेले, पण ख्रिस्ती वस्ती तिथेच राहिली, एकाच गावात, घराला घर लागून. आजूबाजूच्या हिंदू-मुसलमानांशी बेटीव्यवहार नाही, सोयरीक आपसांतच, आणि चर्चमध्ये विसाव्या शतकापर्यंत पोर्तुगीज प्रार्थना. पोर्तुगीजवर घडलेली त्यांची बोली अशी तगली. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. शेजार भिंतीबाहेर राहिला तरी वाक्यात शिरलाच.

आज दोन्हीकडे ओघ उलटला आहे. १९४८नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्रायलला गेले आणि जाताना मराठी सोबत घेऊन गेले. तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघाले. कोर्लईत मात्र शाळा मराठी, चर्चही मराठी, आणि तरुण नोकरीसाठी बाहेर. बोली बोलणारे हजाराच्या आसपास उरले आहेत. तिचा सविस्तर अभ्यास केला तो जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने. तिला ‘पोर्तुगीजांचा अवशेष’ म्हणून किल्ल्याच्या तटबंदीसारखे दाखवले जाते, याचे मला वाईट वाटते. ती रायगड जिल्ह्यात जन्मली, मराठीच्या शेजारात वाढली. ती बोलणारी म्हातारी माणसे आहेत तोवर तिची गाणी आणि गोष्टी ध्वनिमुद्रित करण्याचे काम आपल्या विद्यापीठांनी हाती घ्यावे.