मॅच संपली? आता वीस मिनिटं बसा!



धाडसारख्या गावात धंदा सुरू करणारे बरेच जण मित्रांना सोबत घेतात. एकाची जागा, दुसऱ्याची गाडी, तिसऱ्याची गिऱ्हाइकांशी ओळख. आणि अशी भागीदारी पैसा संपायच्या आधीच एका वाक्यावर मोडू शकते: "तुझ्यामुळे झालं." हे वाक्य न बोलता चूक शोधायची सवय खेळातून लावून घेता येते. म्हणून आजचं उदाहरण पेंटबॉलचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हवेच्या दाबावर चालणारी बंदूक, त्यात रंग भरलेल्या गोळ्या. अंगावर गोळी फुटून रंग लागला की तुम्ही आऊट. दोन टीम, मध्ये लपायला आडोसे, आणि बहुतेक वेळा समोरच्यांचा झेंडा आणायचा असतो.

समजा, तुम्ही पाच मित्र सहलीला गेलात, खेळलात आणि हरलात. गाडीत बसल्या बसल्या सुरू होतं: "तू पुढं का पळालास?" "तू डावी बाजू का सोडली?" प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं, कारण आडोशामागून प्रत्येकाला फक्त आपलाच कोपरा दिसलेला असतो.

या खेळाची पहिलीच मॅच बघा. २७ जून १९८१, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं हेनिकर. झाडांवर आणि गुरांवर खूण करायच्या रंगाच्या बंदुका घेऊन १२ जण जंगलात उतरले. प्रत्येक जण एकटा, जागोजागी ठेवलेले झेंडे गोळा करायचे. जिंकला रिची व्हाइट, आणि त्यानं एकही गोळी झाडली नाही! आता नुसत्या गोळ्या झाडणाऱ्यांनाच विचारलं असतं, तर "जिंकलं कसं?" याचं उत्तर मिळालं असतं का? म्हणून सगळ्यांनी बोलायला हवं, गप्प राहणाऱ्यानं तर नक्कीच.

यासाठी अमेरिकन लष्करानं एक साधी पद्धत बसवली आहे. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विनच्या सराव केंद्रात १९८० च्या दशकात ती चांगलीच रुजली. तिथं सैनिक लेझर लावलेल्या बंदुकांनी लढाईचा सराव करायचे. नेम लागला की समोरच्याच्या अंगावरचं यंत्र वाजायचं. सराव संपला की सगळे एकत्र बसून चर्चा करायचे. त्या चर्चेचे चार प्रश्न आपल्या मॅचला लावून बघू.

१. काय करायचं ठरलं होतं? दोघं डावीकडून, दोघं उजवीकडून, एक जण मागं.

२. प्रत्यक्षात काय झालं? डावीकडचा एक जण सुरुवातीलाच आऊट झाला, पण उजवीकडच्यांना ते कळलंच नाही.

३. का झालं? आऊट झाल्याचं ओरडून सांगायचं, असं ठरलंच नव्हतं. इथं माणूस चुकला की ठरवणं अपुरं राहिलं? बघा, भांडण इथंच थंड होतं.

४. पुढच्या वेळी काय? फक्त एकच बदल: आडोसा बदलताना आणि आऊट होताना मोठ्यानं सांगायचं. दहा बदल ठरवले तर एकही लक्षात राहत नाही.

बसण्याचे नियमही पाळा:

• मैदानाच्या जाळीबाहेर येऊन बसा. आत असेपर्यंत तोंडावरचा मास्क काढायचा नाही.
• सगळ्यात आधी आऊट झालेल्याला पहिल्यांदा बोलू द्या. बाहेर उभं राहून बाकीचा खेळ त्यानंच जास्त बघितलेला असतो.
• कॅप्टन शेवटी बोलेल. तो आधी बोलला की बाकीचे नुसती मान डोलावतात.
• "तू" ऐवजी "त्या वेळी" म्हणा. "तू झोपला होतास" नको, "त्या वेळी डावीकडं कुणीच नव्हतं" असं.
• जिंकल्यावरही बसा. नशिबानं जिंकलो की आखणीनं, ते कळायला हवं.

आता हेच धंद्यात. तुम्ही लग्नाच्या जेवणाची ऑर्डर घेतली आणि दुसऱ्या पंगतीला भात कमी पडला. आचारी म्हणतो तांदूळ कमी आणला, सामान आणणारा म्हणतो माणसं जास्त आली. भांडी गाडीत चढवल्यावर तिथंच वीस मिनिटं बसा. वाढणाऱ्या पोराला आधी विचारा. कदाचित तो सांगेल, "पहिल्या पंगतीलाच पातेलं अर्धं झालं होतं, पण सांगायचं कुणाला?" मग बदल एकच: पातेलं अर्धं झालं की आचाऱ्याला लगेच सांगायचं. वहीत तारीख टाकून लिहा आणि पुढच्या ऑर्डरच्या आधी मोठ्यानं वाचा. न वाचलेली वही म्हणजे नुसती रद्दी.

एक लक्षात ठेवा. खरं बोलणाऱ्या पोराला त्याच दिवशी झापलं, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल आणि तुम्हाला भात संपल्यावरच कळेल. मालक म्हणून तुमचा खरा तोटा तो.

या रविवारी क्रिकेट खेळा, कबड्डी खेळा, काहीही खेळा. मॅच संपली की घरी पळू नका. चार प्रश्न, वीस मिनिटं, एक बदल. भेटूया पुढच्या व्हिडिओत!