मिसरी पात्रांवरील कुमुद

वैनगंगेच्या खोऱ्यातील तळ्यांत कमळे फुलतात, तशी कुमुदेही फुलतात. कमळाची पाने पाण्याच्या वर उचललेली व अखंड वर्तुळाकार असतात. कुमुदाची पाने पाण्यावर पसरलेली व एका बाजूस चिरलेली असतात. हा भेद सांगण्याचे कारण असे की, प्राचीन मिसर देशाच्या पात्रांवर जे फूल वारंवार दिसते व ज्यास सामान्यतः ‘कमळ’ म्हणतात, ते वस्तुतः कुमुद होय. आपल्याकडील कमळ त्या देशात फार उशिरा, इराणी सत्तेच्या सुमारास पोहोचले.

नाईल नदीकाठी कुमुदाच्या दोन जाती होत्या. टोकदार पाकळ्यांचे निळे कुमुद सकाळी उमलते व दिवस कलण्यापूर्वीच मिटते. गोलसर पाकळ्यांचे पांढरे कुमुद रात्री फुलते. मिटलेले निळे फूल दुसऱ्या दिवशी सूर्याबरोबर पुन्हा उघडते, हे पाहून त्या लोकांनी अशी कथा रचली की, आदिजलातून वर आलेल्या कुमुदातूनच प्रथम सूर्य प्रकटला. अशा रीतीने हे फूल पुनर्जन्माचे चिन्ह झाले.

इ.स. पूर्व 1500 च्या सुमारास तेथील कारागीर गारगोटीच्या भुकटीपासून निळ्या झिलईचे वाडगे करीत. ज्या तांब्यासाठी आपल्या जिल्ह्यातील मलाजखंड प्रसिद्ध आहे, त्याच धातूच्या योगाने त्या झिलईस निळा रंग येई. वाडग्याच्या आत एक तळे, त्याभोवती कुमुदे, कधी मध्ये मासा. हा मासा आपली अंडी तोंडात सांभाळतो. पिले जणू त्याच्या मुखातूनच जन्म घेतात. म्हणून फूल व मासा ही दोन्ही एकच आशा बोलून दाखवितात.

हॉवर्ड कार्टर यांस 1922 साली तुतानखामेन राजाची कबर सापडली. तीत शुभ्र पाषाणाचा एक पेला होता. त्याचा आकार उमललेल्या पांढऱ्या कुमुदाचा. दोन्ही कानांवर निळ्या कुमुदांचे फूल व कळ्या, आणि त्यांवर अनंतकाळाच्या देवतेची मूर्ती. काठावरील लेखात राजास लक्षावधी वर्षे लाभोत, अशी प्रार्थना आहे. राजा तर विशीच्या आतच निवर्तला होता! कार्टर 1939 साली वारले. त्यांच्या थडग्यावरही त्याच लेखातील शब्द कोरलेले आहेत.

वाचकहो, हे फूल आपणांस अगदीच परके नाही. शलमोन राजाने मंदिरासाठी जे विशाल गंगाळ ओतविले, त्याचा काठ उमललेल्या फुलाच्या पेल्यासारखा होता, असे राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात वर्णन आहे. तेथील ‘शोशन’ हा हिब्रू शब्द मिसरी भाषेतील कुमुदवाचक ‘सेशेन’ या शब्दापासून आला, असे भाषापंडित मानतात. त्याच शब्दापासून दानिएलच्या पुस्तकातील सुसान्नाचे नाव झाले. आज आपल्या घरांतील एखाद्या सुझानला हाक मारताना आपण नकळत नाईलकाठच्या त्याच फुलाचे नाव उच्चारीत असतो.

मरणापुढे मनुष्य हतबल होतो, तरी तो आशा सोडीत नाही. आपल्या आप्ताच्या कबरीत फुलाच्या आकाराचा पेला ठेवणाऱ्यांची हीच मनोवस्था होती. रात्री मिटलेले सकाळी उमलावे, एवढेच त्यांचे मागणे होते.