जकातीच्या दारातला पक्षी

आमची आजी तिन्हीसांजेला देवापुढे जी पितळी समई लावीत असे, ती आता अमेरिकेतल्या आत्याकडे पाठवावयाची आहे. बाबा मला म्हणाले, "तू आर्ट्सचा विद्यार्थी ना? मग पेटीबरोबरच्या कागदावर हिचे नाव काय लिहायचे, ते तूच शोधून काढ." मी हसलो. समईला समई म्हणावे, यात शोधायचे ते काय? पण शोधू लागलो आणि माझे हसू हळूहळू मावळले.

जकातखात्याला वस्तूचे घरगुती नाव पुरत नाही. ती कोणत्या वर्गात बसते, हे आधी ठरते आणि मग कर. या वर्गीकरणात कलेचे काय होते, हे सांगणारा एक खटला मला वाचावयास मिळाला. तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

ऑक्टोबर 1926 मध्ये फ्रान्सहून आलेले एक जहाज न्यूयॉर्कच्या बंदराला लागले. त्यात कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराची वीसेक शिल्पे प्रदर्शनासाठी आली होती. त्यांतले एक होते 'अवकाशातील पक्षी'. सुमारे साडेचार फूट उंचीचे, निमुळते, आरशासारखे झळाळणारे ब्राँझ. त्याला ना चोच, ना पंख, ना पाय! अमेरिकेच्या 1922 च्या कायद्याप्रमाणे मूळ कलाकृतीवर कर नव्हता. परंतु अधिकाऱ्यांना यात पक्षी दिसेना. त्यांनी ते स्वयंपाकघरातील व इस्पितळातील भांड्यांच्या वर्गात घातले आणि 40 टक्के कर आकारला.

आपण लगेच त्या अधिकाऱ्यांना अरसिक म्हणून मोकळे होतो. मीही झालो होतो. परंतु त्यांची बाजू पाहिली पाहिजे. 1916 च्या एका निकालात न्यायालयानेच सांगून ठेवले होते की, शिल्प म्हणजे निसर्गातील आकारांची, मुख्यतः मनुष्याकृतीची, प्रतिकृती. ही व्याख्या हाती घेऊन कोणी तो पक्षी पाहिला, तर तो दुसरे काय म्हणणार? दोष नजरेचा थोडा आणि व्याख्येचा अधिक होता.

ब्रांकुशीने दाद मागितली. 1927 मध्ये साक्षी झाल्या. तो पक्षी विकत घेणारे छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांना न्यायाधीशांनी विचारले की, हा रानात दिसला असता तर तुम्ही त्याच्यावर बंदूक रोखली असती काय? स्टायकेन नाही म्हणाले. पण पक्ष्याचा भाव यात आहे, हे त्यांचे म्हणणे कायम होते. शिल्पकार जेकब एपस्टाईन यांना विचारण्यात आले की, एखादा कुशल कारागीर हे घासूनपुसून असेच चकचकीत करू शकणार नाही काय? त्यांच्या उत्तराचा आशय असा : चकाकी तो आणील, पण मुळात ही कल्पना त्याला सुचणार नाही. सरकारतर्फे आलेल्या दोन शिल्पकारांनी मात्र, ही कलाच नव्हे, असे शपथेवर सांगितले. म्हणजे भांडण केवळ कलावंत आणि कारकून यांच्यातले नव्हते. कलावंतांचेही आपापसांत एकमत नव्हते.

निकाल नोव्हेंबर 1928 मध्ये लागला. न्यायालयाने म्हटले की, निसर्गाची नक्कल न करता अमूर्त कल्पना साकार करू पाहणारा नवा संप्रदाय कलेत निर्माण झाला आहे; तो आपल्याला आवडो वा न आवडो, त्याचे अस्तित्व मान्य केले पाहिजे. वस्तू पाहण्यास सुंदर आहे, तिचा व्यवहारात उपयोग नाही आणि ती व्यावसायिक शिल्पकाराची मूळ निर्मिती आहे. म्हणून कर नाही.

या गोष्टीला मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे एक शेपूट आहे. पुढे इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी याच मालिकेतले तीन पक्षी घेतले : एक ब्राँझचा, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी इंदुरात एक मंदिर बांधावे, असा बेत होता आणि ब्रांकुशी त्यासाठी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झाले नाही. पण एका बंदरात जे भांडे ठरले, त्याच्याच भावंडांना एका राजाने देवघर देऊ केले होते!

प्रश्न तेथे मिटला असे मात्र नाही. 1988 पासून जगभर एक समान वर्गसूची लागू झाली. भारताची जकातसूचीही तीवरच बेतलेली आहे. तिचे 97 वे प्रकरण चित्रे, मूळ शिल्पे, संग्राह्य वस्तू आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू यांचे. तरीही 2010 मध्ये युरोपीय आयोगाने डॅन फ्लेविन यांच्या प्रकाशनळ्यांच्या कलाकृतीला 'भिंतीवरचे दिवे' या वर्गात टाकले. कला त्या मांडणीत नसून तिने निर्माण केलेल्या प्रकाशात आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

आता आमची समई. तीही दिवाच! याच 97 व्या प्रकरणाच्या टिपेनुसार व्यापारी स्वरूपाची नेहमीची कारागिरी 'मूळ शिल्प' ठरत नाही, मग ती कलावंताने का घडवलेली असेना. तेव्हा आमच्या अनाम ओतारी कारागिराची समई घरगुती पितळी वस्तू ठरेल. परंतु ती पणजीच्या लग्नात रुखवतातून आली, असे घरात सांगतात. तसे असेल तर तिची शंभरी भरली असावी. मग आपला 1972 चा पुरावस्तू कायदा आड येतो. ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांची वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. ती पुरावस्तू नाही, असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो.

मी हे सारे बाबांना सांगितले. त्यांनी समई हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. बुडाशी ना साल, ना नाव. म्हणाले, "म्हणजे घडवली तेव्हा भांडे, आणि शंभर वर्षे वापरली म्हणून मोलाची? मधल्या काळात काय होती ही?"

वर्गात आपण कलेच्या व्याख्या पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. तेथे व्याख्या चुकली तर फार तर दोन गुण जातात. बंदरावर ती चुकली की एखादा पक्षी भांडे होऊन बसतो. ती व्याख्या बदलली, कारण काही माणसे न्यायालयात उभी राहून आपल्याला काय दिसते ते सांगू शकली. बाबांच्या प्रश्नाला मला मात्र उत्तर देता आले नाही.

दाखल्यासाठी आम्ही अर्ज करणार आहोत. तोवर समई येथेच आहे आणि आई ती रोज लावते.