अथेन्स पॉलिटेक्निक : १९७३ चा विद्यार्थी उठाव

ग्रीसमध्ये २१ एप्रिल १९६७ रोजी काही लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली. कर्नल जॉर्जिओस पापादोपुलोस यांच्या या राजवटीने राजकीय पक्षांवर बंदी घातली, वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप लादली आणि हजारो विरोधकांना बेटांवर स्थानबद्ध केले. विद्यापीठांतल्या निर्वाचित विद्यार्थी संघटना मोडून तिथे सरकारनियुक्त मंडळे आणली.

विद्यार्थ्यांची मागणी सुरुवातीला कॅम्पसपुरतीच होती : संघटनेच्या निवडणुका मोकळेपणाने होऊ द्याव्यात. फेब्रुवारी १९७३ मध्ये सरकारने आंदोलक विद्यार्थ्यांची लष्करी सेवेतली सवलत काढून घेण्याचा कायदा केला आणि अनेकांना सक्तीने सैन्यात धाडले. संतापलेल्या विद्यार्थ्यांनी अथेन्सच्या विधी विद्याशाखेची इमारत ताब्यात घेतली. संघटनेचा प्रश्न आता थेट हुकूमशाहीला भिडला.

त्याच वर्षी पापादोपुलोस यांनी राजवटीला उदार मुखवटा चढवायला घेतला. राजेशाही रद्द केली, ऑक्टोबरमध्ये मार्केझिनिस हे नागरी पंतप्रधान नेमले आणि निवडणुकांचे आश्वासन दिले. मात्र १४ नोव्हेंबरला विद्यार्थी पॉलिटेक्निकच्या आवारात ठाण मांडून बसले. ‘भाकरी, शिक्षण, स्वातंत्र्य’ ही त्यांची घोषणा होती. प्रयोगशाळेतल्या साहित्यातून त्यांनी रेडिओ केंद्र उभारले आणि सेन्सॉरशिपला वळसा घालून शहराला साद घातली. कामगार आणि सामान्य नागरिक रस्त्यावर उतरले.

१७ नोव्हेंबरच्या पहाटे रणगाड्याने संस्थेचे फाटक तोडले. बहुतेक मृत्यू आसपासच्या रस्त्यांवरील गोळीबारात झाले. पुढे संशोधकांनी २४ मृतांची ओळख निश्चित केली.

उठावाने राजवट लगेच कोसळली नाही. उलट २५ नोव्हेंबरला दिमित्रिओस इओआनिदिस या अधिक कडव्या अधिकाऱ्याच्या गटाने पापादोपुलोस यांना हटवले. मात्र हळूहळू लोकशाही देण्याची भाषा रणगाड्यानेच फोल ठरवली होती. जुलै १९७४ मध्ये या गटाने सायप्रसमध्ये बंड घडवले, तुर्कस्तानने तिथे सैन्य उतरवले आणि युद्धाच्या तोंडावर राजवट गडगडली. त्यानंतरची पहिली निवडणूक १७ नोव्हेंबर १९७४ रोजी झाली.

या घटनेची छाप ग्रीसच्या कायद्यावरही उमटली. विद्यापीठाच्या आवारात पोलिसांच्या प्रवेशावर कडक निर्बंध घालणारी तरतूद १९८२ मध्ये झाली. गुन्हेगारांना तिचा आडोसा मिळतो, असा आक्षेप घेतला जाई. अखेर २०१९ मध्ये ती रद्द झाली. १७ नोव्हेंबरला मात्र आजही ग्रीक शाळांत या उठावाचे स्मरण होते आणि अथेन्समध्ये मोर्चा निघतो.