सावित्रीच्या पाण्यातील ऊर्जा

ऊर्जा म्हणजे काय हे समजण्यासाठी आपणांस प्रयोगशाळेत जावयास नको. सावित्रीच्या काठी उभे राहिले तरी पुरे. ही नदी महाबळेश्वरच्या माथ्यावर, सुमारे 1,350 मीटर उंचीच्या मुलखात उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडास येते. उंचावरील पाण्याच्या ठायी कार्य करण्याची जी क्षमता साठलेली असते, तीस स्थितिज ऊर्जा म्हणतात. पाणी खाली धावू लागले की तीच गतिज ऊर्जा होते.

एक लिटर पाणी हजार मीटर उतरले तर सुमारे 9,800 ज्यूल ऊर्जा मोकळी होते. घरच्या मीटरावरील एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. अर्थात, तेवढे उतरणाऱ्या सुमारे 370 लिटर पाण्यात एक युनिट वीज दडलेली असते. महाबळेश्वरीच उगम पावणाऱ्या कोयनेचे पाणी धरणात अडवून 1962 पासून पोफळीस वीज निर्माण केली जाते. सावित्रीची ऊर्जा मात्र दगडगोट्यांशी घासण्यात खर्ची पडते, आणि पुरात वाटेत येईल त्यावर आदळते.

येथे एक नियम ध्यानी धरावा : प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचे बल दुप्पट नव्हे, चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा, 1928 साली बांधलेला पूल सावित्रीच्या महापुरात कोसळला, आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाहात गेल्या. म्हणून काल सहज ओलांडलेले गुडघाभर पाणी आज जोराने धावत असेल, तर केवळ खोली पाहून धीर करू नये. वेग पाहावा, आणि काठावरच थांबावे.