ओठांची लाली आणि अहिंसेचा विवेक

लग्नसराईच्या दिवसांत माझी भाची धाराशिवला आली होती. शालू घेऊन झाला, बांगड्या भरून झाल्या आणि शेवटी लाल लिपस्टिक घेण्यासाठी आम्ही बाजारातील एका दुकानात गेलो. एकट्या लाल रंगाच्याच वीस-बावीस कांड्या समोर आल्या, तेव्हा ती म्हणाली, “मावशी, यातला कोणता लाल मला शोभेल, ते तूच सांग.” प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तराने मलाच अंतर्मुख केले.

लाल रंग बहुतेक सर्वांना शोभतो. चूक होते ती छटा निवडताना. मनगटाच्या आतील शिरा दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. त्या हिरवट दिसल्या, तर त्वचेची झाक पिवळसर समजावी. अशा वर्णावर विटकरी किंवा शेंदरी अंगाचा लाल खुलतो. शिरा निळसर-जांभळ्या दिसल्या, तर डाळिंबी किंवा माणकासारखा लाल घ्यावा. सावळ्या वर्णाला गडद मरून आणि खोल विटकरी छटा विशेष शोभतात. दातांवर पिवळेपणा असेल, तर शेंदरी छटा टाळावी. निळसर झाकेच्या लाल रंगाने दात अधिक शुभ्र भासतात. रंगाची पारख हाताच्या पाठीवर न करता बोटाच्या पेरावर करावी, कारण तेथील वर्ण ओठांना जवळचा असतो. ट्यूबलाइटच्या प्रकाशावर विसंबू नये. दुकानाच्या दारात येऊन पाहावे. नमुन्याची कांडी मात्र थेट ओठांना लावू नये.

या रीतीने भाचीसाठी एक सुरेख डाळिंबी लाल निवडला. पैसे देण्यापूर्वी मी सवयीने खोक्यावरील बारीक अक्षरे वाचू लागले. कर्जाच्या कागदावर सही घेण्याआधी तळटीपही वाचावी, हे बँकेच्या नोकरीने अंगी बाणवले होते. घटकांच्या यादीत शेवटी ‘सीआय’ या अक्षरांपुढे ७५४७० हा आकडा होता. हा कार्माइन नावाच्या रंगाचा क्रमांक. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यांना मारून, वाळवून हा रंग काढतात. पेरू देशात त्याचे मोठे उत्पादन होते. किलोभर वाळक्या किड्यांसाठी लाखाच्या घरात जीव जातात.

घरी येऊन मी माझीच लिपस्टिक भिंगाखाली धरली. तोच आकडा! कंदमूळ वर्ज्य करणारी, चातुर्मासात पालेभाजीही न खाणारी मी, कित्येक वर्षे त्रस जीवांचा रंग ओठांना लावत होते. आपल्या आचारात मद्य आणि मांस यांच्याबरोबर मधाचाही त्याग सांगितला आहे. पण मधमाशीचे मेण अनेक लिपस्टिकांत असतेच. कृत, कारित आणि अनुमोदना अशा तिन्ही मार्गांनी दोष लागतो, असे आपण मानतो. मग अजाणतेपणाची सबब किती काळ पुढे करायची?

यावर उपाय लाल रंग सोडण्याचा नाही, यादी वाचण्याचा आहे. ७५४७० टाळावा, १५८५० हा कृत्रिम लाल आणि ७७४९१ हा लोहाचा लाल, या दोन्हींत किड्यांचा अंश नसतो. मधमाशीच्या मेणाऐवजी कँडेलिला किंवा कार्नोबा हे वनस्पतिजन्य मेण आणि एरंडेल असावे. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येते. यादीच्या शेवटी ‘असू शकते’ अशा अर्थाच्या शब्दांपुढे त्या मालिकेतील सर्व छटांचे रंग एकत्र छापलेले असतात. तेथे ७५४७० दिसल्यास कंपनीकडे विचारणा करावी, अन्यथा ती कांडी ठेवून द्यावी. ‘नैसर्गिक’ या शब्दाने फसू नये. कार्माइनही नैसर्गिकच आहे. ‘क्रुएल्टी फ्री’ म्हणजे प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, एवढेच. अशा चाचण्यांवर भारतात २०१४ पासून बंदी आहे. परंतु घटक प्राणिज आहेत की नाहीत, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी ‘व्हेगन’ हा शब्द शोधावा आणि तरीही यादी वाचावी.

आपल्यापैकी अनेकांची धाराशिव, कळंब, भूम, उमरगा येथे जनरल स्टोअर्स आहेत. त्या बंधूंना एक विनंती. ठोक व्यापाऱ्याकडून माल घेताना ही यादी पाहून घ्या आणि निर्जंतुक रंगाच्या कांड्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. ग्राहक विचारील तेव्हा खात्रीने सांगता येईल, असा व्यापारही धर्माचाच भाग आहे.

भाचीने ती कांडी परत केली. तिसऱ्या दुकानात तसाच डाळिंबी लाल, पण वनस्पतिजन्य मेणाचा आणि ७५४७० नसलेला, मिळाला. लग्नानंतर नवदांपत्य कुंथलगिरीला दर्शनासाठी गेले. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये जेथे सल्लेखना घेतली, त्या भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिने ओठ पुसले होते. पण मला समाधान वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. लग्नमंडपात तिच्या ओठांवर जी लाली होती, तिच्यासाठी एकाही जिवाला मरावे लागले नव्हते.